मंजुळाताईंचा हळू आवाज

कुणाचं दुखणं चारचौघांत बोललेलं मंजुळाताईंना अजिबात खपत नसे. म्हणून त्या पेशंटला टेबलाजवळ बोलावत, खुर्चीतून अर्ध्या उठून पुढे वाकत, तोंडाशी आडवा हात धरत, डोळे बारीक करत आणि अगदी कानात सांगावं अशा आविर्भावात विचारत, "मूळव्याध परत चालू झाली का?" दवाखान्यासमोरच्या स्टँडवरचे रिक्षावाले माना वळवून बघायचे. त्यातल्या एकाने तर एकदा रिक्षा सुरू करता करता मला आपुलकीने विचारलं होतं, "काका, आता बसायला त्रास नाही ना होत?"

हा दवाखाना कामोठ्यात, आमच्या सोसायटीच्या खालीच, फरसाणवाला आणि मोबाईलवाला यांच्या मधल्या गाळ्यात आहे. फरसाणवाला आजारी पाडतो, डॉक्टर बरं करतात आणि मोबाईलवाला मधल्या वेळेत रिचार्ज मारून देतो, अशी एकूण सोय. मला आजारी पडायची हौस आहे असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. मी ते फेटाळत नाही. बेलापूरच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या फायली हलवणाऱ्या माणसाला कुणीतरी जीभ दाखवा, दीर्घ श्वास घ्या म्हटलं की बरं वाटतं. तर अशा रीतीने मी त्या बाकावरचा कायमचा रहिवासी झालो. ताईंनी माझं बारसंही केलं. त्या कुणालाच नावाने हाक मारत नसत. "गुडगा, तुमी आत जा. बीपी, तुमी तयारीत राहा. ॲसिडिटी, तुमी बसा, तुमाला काय घाई?" तो ॲसिडिटी म्हणजे मी.

ताई मूळच्या कामोठे गावातल्या, म्हणजे इमारती उगवण्याआधीच्या. फरसाणच्या दुकानाकडे बोट दाखवून त्या सांगायच्या, "हितं आमचं खलं होतं. हितं मी भात झोडलाय, आनि आता हा माज्या डोल्यांसमोर शेव झोडतो." जमिनी गेल्या, त्या बदल्यात प्लॉट मिळाला, मुलाने त्यावर इमारत चढवली, वरच्या मजल्यांवर भाडेकरू ठेवले. घरात पैशाला तोटा नव्हता. ताईंच्या गळ्यात असायचं तेवढं सोनं बघून नवा पेशंट आधी त्यांनाच डॉक्टर समजायचा आणि खऱ्या डॉक्टरांना कंपाउंडर. तरी ही बाई रोज सकाळी चालत येऊन दवाखान्याचं शटर उघडायची आणि त्या प्लास्टिकच्या खुर्चीत अशी बसायची, की जणू राज्याभिषेक आत्ताच उरकलाय.

त्यांचं राज्य कडक होतं. "मला फक्त रिपोर्ट दाखवायचाय, एक मिनिट," असं म्हणून रांगेत घुसणारी एक जमात सगळ्या दवाखान्यांत असते. ताईंकडे तिची डाळ शिजत नसे. "फक्त दाखवायचाय ना? मग मला दाखवा," असं म्हणून त्या खरोखरच पाकीट ओढून घेत, एक्सरे उलटा धरून ट्यूबलाइटसमोर नेत आणि म्हणत, "छान आलाय फोटो. बसा आता." आपल्या आधी दुसऱ्याला का सोडलं, अशी कुणी कुरकुर केली तर, "त्याला ताप हाय, तुमाला राग हाय. रागाचं औषद दुपारनंतर." आणि तापाने हवालदिल झालेल्या पोरांच्या आयांना, "ताप म्हंजे पाव्हना. येईल, दोन दिस राहील, जाईल. तू त्याच्या पुडं रडत बसू नको, नायतर त्याला वाटंल आपला लई मान हाय हितं."

त्यांचे अंदाज बरोबर ठरायचे असं मात्र नाही. एकदा छातीवर हात धरून आलेल्या गृहस्थांना त्यांनी 'हार्ट, हार्ट' असा पुकारा करत सगळ्यांच्या पुढे आत ढकललं. आम्ही बाकावर उभे राहून त्यांना वाट करून दिली, एका बाईंनी तर रामरक्षा सुरू केली. दहा मिनिटांत गृहस्थ ढेकर देत बाहेर आले. सकाळी दोन प्लेट मिसळ खाल्ली होती. ताई मुळीच ओशाळल्या नाहीत. "निघालं ते बरं झालं," एवढंच म्हणाल्या.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. मंजुळाताईंना ऐकू येत नव्हतं. अगदी ठार बहिऱ्या नव्हत्या, पण बरंचसं सुटायचं. समोरच्याच्या ओठांवरून आणि चेहऱ्यावरून त्या गाडी रेटत होत्या. मला हे कळलं ते एका दुपारी. दवाखान्यात आम्ही दोघंच होतो. त्या पाठमोऱ्या होऊन कपाटात गोळ्यांचे खोके लावत होत्या आणि मी मागून त्यांना सांगत होतो की जेवल्यावर जळजळ होते, आंबट पाणी येतं, पाठीत दुखतं. वर्णन चांगलं रंगलं होतं. तेवढ्यात वाऱ्याने स्टीलचा ट्रे खाली पडला. फरसाणवाला धावत आला, मोबाईलवाला धावत आला. ताई शांतपणे खोके लावत होत्या. मग वळल्या, माणसं बघितली, खाली पडलेला ट्रे बघितला, माझ्याकडे बघितलं. आणि माझ्या तोंडावर त्यांना सगळं दिसलं.

दोघं गेल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. "कुनाला बोलू नका," त्या म्हणाल्या. नशीब, रस्त्यावर तेव्हा मिरवणुकीचा बँड होता. "घरात मी म्हातारी हाय. सुना फोनवर, पोरगा साईटवर, नातवंडं कानात बोंडं घालून. म्हातारी जेवली का, म्हातारी झोपली का, झालं. हितं मी ताई हाय. सगले मला इचारतात, ताई, नंबर कदी, ताई, डॉक्टर कदी. बहिऱ्या बाईला खुर्चीवर कोन ठेवील? खुर्ची गेली का मी परत म्हातारी." मी मान डोलावली. ऐकू न येणाऱ्या माणसाला वचन देताना मान डोलवणं पुरेसं असतं.

त्यानंतर मला ताईंच्या राज्यातल्या कितीतरी कायद्यांचं मूळ उमगलं. भरघोस मिशीवाल्यांवर त्यांचा राग का, तर मिशीखाली ओठ दिसत नाहीत. आमच्याच मजल्यावर राहणारे कदमकाका साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात उभा जन्म पोती वाहिलेले, आणि मिशी अशी की त्यांचा वरचा ओठ शेजाऱ्यांनीही बघितलेला नाही. त्यांना ताई दर वेळी शेवटी बसवायच्या. "त्या बाईचं आन् माजं गेल्या जन्मीचं वैर हाय," काका म्हणायचे.

आणि मास्कचे ते दिवस! सगळ्या जगाची तोंडं झाकली गेली, तेव्हा आजाराला सगळेच घाबरले होते, पण ताईंइतकं कुणी घाबरलं नसेल. त्यांनी तिसऱ्याच दिवशी फर्मान काढलं, "तोंड उघडायचं नाय. हवेतून येतो तो. काय होतंय ते हातानं सांगायचं." लोकांना ते शास्त्रीय वाटलं. मग शटरच्या बाहेर एकेक जण उभा राहून मूकनाट्य करायचा. डोकेदुखी सोपी, पोटदुखी त्याहून सोपी. पण एका सभ्य प्राध्यापकांना बद्धकोष्ठ झालं होतं. त्यांनी जो अभिनय केला तो बघायला समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या भरल्या. ताईंनी शेवटपर्यंत बघून घेतलं आणि तोंडाशी हात धरून हळूच विचारलं, "होत नाय का?" वरच्या एका गॅलरीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

हळूच, हा शब्द मी मुद्दाम वापरला. ताईंना आपण हळू बोलतो असंच वाटत होतं. त्यांचा त्याबद्दल केवढा अभिमान होता! "मी कुनाचं कुनाला कलू देत नाय. हितं ऐकलेलं हितंच," असं त्या छातीवर हात ठेवून सांगायच्या, आणि आम्ही सगळे त्याला त्यांचा विनोद समजून हसायचो. प्राजक्ताला मात्र हसू आलं नव्हतं.

प्राजक्ता आमच्या वरच्या मजल्यावरची सून. गोड, अबोल पोरगी. दिवस गेले होते आणि दुसऱ्याच महिन्यात ते राहिलं नाही. घरी तिने नवऱ्याखेरीज कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. एकटीच दवाखान्यात आली आणि टेबलाशी उभी राहून खालमानेने ओठ हलवले. ताईंनी ओठ वाचले, चेहरा वाचला, त्यांचे डोळे भरून आले. त्या पुढे वाकल्या, तिच्या हातावर हात ठेवला, तोंडाशी हात आडवा धरला आणि विचारलं, "पोट पडलं का गो, पोरी?" बाक भरलेला होता. त्या बाकावर तिच्या सासूची भिशीतली मैत्रीण होती. प्राजक्ता डॉक्टरांना न दाखवताच निघून गेली. संध्याकाळपर्यंत सोसायटीला कळलं, रात्रीपर्यंत सासूला. 'आम्हाला परकं समजलीस', 'लपवून काय काय केलंस', असं बरंच झालं असावं. काही महिन्यांत ती दोघं खारघरला भाड्याने राहायला गेली. ताईंच्या मनात तिच्याबद्दल अढी बसली. "एवढं मायेनं इचारलं, तर तोंड फिरवून गेली. शिकलेल्या पोरींना माया समजत नाय," त्या सांगायच्या. यावर कोण काय बोलणार? आणि बोलून ऐकणार कोण?

पुढे मोठ्या डॉक्टरांनी दवाखाना सुनेच्या हवाली केला आणि स्वतः नातवाला सायकल शिकवायला लागले. डॉक्टर मुग्धा हुशार, उत्साही आणि छापील नियमांवर श्रद्धा असलेल्या. पहिल्याच आठवड्यात भिंतीवर बोर्ड लागला. अपॉइंटमेंट फोनवरच घ्यावी. उशिरा आल्यास वेळ रद्द होईल. आणि सर्वांत जाचक कलम, एका अपॉइंटमेंटला एकच तक्रार.

हे शेवटचं कलम म्हणजे माझ्यासारख्याच्या पोटावर पाय होता. मी कधी एका तक्रारीवर गेलोच नव्हतो. लोक बाकावर बसून आपापल्या दुखण्यांची लायकी ठरवू लागले. ताईंनी त्यातून तोडगा काढून दिला. "खोकला आज सांगा, गुडगा बुदवारी. गुडगा कुटं पलून जात नाय, पलता आला असता तर दुखलाच नसता." एका आजोबांना त्यांनी सांगितलं, "चार दुखनी एकदम नाय सांगायची. 'वय झालं' म्हना, एकात सगलं येतं."

पण फोनच्या कलमापुढे ताई खऱ्या हादरल्या. फोनला ओठ नसतात. त्यांनी तत्त्वाचा झेंडा उभारला. "मॅडम, फोनवर ताप दिसतो का? मानूस दारात आला का मला त्याच्या चालीवरनं कलतं. फोनवर काय, मेलेला पन 'हॅलो' म्हनंल." डॉक्टर मुग्धा हसल्या आणि म्हणाल्या, "ताई, थोडी सवय करा. सकाळी दोन तास फक्त कॉल्स घ्यायचे. सोपं आहे. तुम्हाला नाही जमलं तर मला सांगा, मी एखादी मुलगी ठेवते." डॉक्टर सहज बोलल्या. पण शेवटचं वाक्य ताईंनी ओठांवरून बरोबर वाचलं.

दुसऱ्या दिवसापासून ताईंचे हात ओले राहू लागले. फोन वाजला, म्हणजे त्याचा दिवा लुकलुकला, की त्या लगबगीने सॅनिटायझर ओतून घ्यायच्या आणि बाकावर जो कुणी असेल त्याला म्हणायच्या, "जरा घ्या हो फोन, माजे हात ओले हायेत." मग तो पेशंट फोन घ्यायचा, नाव-वेळ विचारायचा आणि ताईंकडे तोंड करून स्पष्ट ओठांनी सांगायचा. सकाळी ऑफिसला जाण्याआधी बहुतेक तो पेशंट मीच असायचो. शिंकणारे, खोकणारे, सलाइन घेऊन टेकलेले, सगळे त्या दवाखान्याचे बिनपगारी टेलिफोन ऑपरेटर झाले. एकदा माझ्याच बायकोचा फोन आला. मी आवाज बदलून साडेअकराची वेळ दिली. "अहो, तुम्ही ऑफिसला नाही गेलात?" असं तिने विचारलं. मी 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवला. माझ्या लक्षात आलं की त्या बाकावरच्या बऱ्याच जणांना ताईंचं गुपित ठाऊक होतं. प्रत्येकाला वाटत होतं, ते आपल्यालाच ठाऊक आहे.

असं ते महिनोन् महिने रेटलं. मग उन्हाळ्यातल्या एका सकाळी बाक रिकामा असताना दिवा लुकलुकला. आधी थांबला, मग परत लुकलुकला. आत डॉक्टर होत्या. फोन वाजतोय आणि कुणी घेत नाही, हे त्यांना ऐकू जाणार होतं. ताईंनी तो उचलला.

पलीकडे कदमकाका होते. ते म्हणाले, "ताई, मला चक्कर येतीया."

ताईंना ऐकू आलं 'साखर'.

"साखर ना? मग उद्या सकाली उपाशी या," त्या म्हणाल्या. "रात्री लवकर जेवा, मग काय नाय खायचं. च्या पन नाय."

उभा जन्म मुकादमाच्या हुकुमात घालवलेला माणूस. त्याने रात्री जेमतेम भाकरी खाल्ली, सकाळी चहाचा थेंब घेतला नाही, लिफ्ट बंद होती म्हणून जिना उतरला आणि भर उन्हात बाहेरच्या रांगेत उभा राहिला. मिशीवाला म्हणून शेवटी. आपला नंबर येईतो काका उभे राहिले आणि दवाखान्याच्या उंबऱ्यातच आडवे झाले. डोकं पायरीच्या कडेवर आपटलं. रक्त बघून मी स्वतःच भिंतीला धरलं. मोबाईलवाल्याने आणि फरसाणवाल्याने काकांना उचलून आत नेलं.

टाके पडले. काका शुद्धीवर आले, साखरपाणी प्यायले. डॉक्टर मुग्धा हातमोजे काढत बाहेर आल्या. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. "चक्कर येणाऱ्या माणसाला उपाशी यायला कोणी सांगितलं? अजून इंचभर खाली लागलं असतं तर डोळा गेला असता त्यांचा."

बाकावरचा एकेक जण पंखा, बोर्ड, स्वतःची नखं बघू लागला. "हल्ली नेटवर्क फार..." अशी मी सुरुवात केली. आतून काकांचा क्षीण आवाज आला, "जाऊ द्या मॅडम, म्याच कायतरी चुकीचं बोललो आसंन." ताईंना यातलं काही ऐकू आलं नसावं. पण त्यांनी डॉक्टरांचे ओठ बघितले, आतल्या खाटेवरची पट्टी बघितली आणि त्या उठल्या. टेबलाला वळसा घालून डॉक्टरांसमोर गेल्या, पुढे वाकल्या आणि तोंडाशी हात आडवा धरला.

"मी सांगितलं," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येत नाय, मॅडम. लई वर्सं झाली."

सगळा दवाखाना, रिक्षा स्टँड आणि समोरच्या गॅलऱ्या यांनी ते ऐकलं. ताईंना वाटलं, फक्त डॉक्टरांनी. कमरेची किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि पिशवी उचलली.

डॉक्टर मुग्धांनी किल्लीला हात लावला नाही. ताईंचा चेहरा आपल्याकडे वळवून एकेक शब्द सुटा करून त्या म्हणाल्या, "कान कधी दाखवलेत कुणाला?" ताईंनी मान हलवली. इतकी वर्षं दवाखान्यात काढून ही बाई एकदाही पेशंटच्या स्टुलावर बसली नव्हती. नंबर कोण लावणार? डॉक्टरांनी तिथेच त्यांना बसवलं, बॅटरी लावून कानात बघितलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, डाव्यात तर मळाचं बूच बसलंय!"

उजवा कान खरोखरच गेलेला होता. डाव्याचं मात्र असं निघालं. मळ दगडासारखा झालेला, म्हणून आधी थेंब दिले आणि चार दिवसांनी बोलावलं. कान पिचकारीने धुतला तेव्हा मी तिथे होतो, माझी एक तक्रार त्या दिवशी होतीच. कदमकाकाही पट्टी बदलायला आले होते. जे काही बाहेर आलं त्याचं वर्णन करत नाही, आपण कदाचित जेवायला बसणार असाल. डॉक्टरांनी कान पुसला आणि म्हणाल्या, "हं ताई, आता काहीतरी बोला. अगदी हळू."

ताईंनी तोंडाशी हात धरला. "काय बोलू?" त्या म्हणाल्या आणि दचकून मागे वळल्या.

"हे कोन बोललं?"

"कोन वरडलं?" असं विचारत त्या पुन्हा दचकल्या. मग त्यांनी आपल्याच गळ्यावर हात ठेवला. "ही मी? मी अशी बोलते?"

"ताई, तुमचं हळू पनवेलपतूर जातंया," कदमकाका म्हणाले. त्यांना थट्टाच करायची होती. बाकावरचे आम्ही सगळे हसलो.

ताई हसल्या नाहीत. त्या बाकावरच्या एकेकाकडे बघत गेल्या. मूळव्याध, बीपी, गुडघा, ॲसिडिटी. मला त्या नजरेपुढे बसवेना. "म्हंजे सगल्यांनी सगलं ऐकलं," त्या पुटपुटल्या. "आनि ती... ती वरची पोरगी..." डॉक्टरांनी "खुर्ची तुमचीच आहे, सोमवारी या," असं सांगितलं. उजव्या कानाला मशीन बसवता येईल हेही सांगितलं. ताईंना त्या दिवशी पहिल्यांदा सगळं नीट ऐकू येत होतं आणि त्यांचं कशाकडेच लक्ष नव्हतं.

त्या घरी गेल्या. दवाखान्यात फोन वाजत राहिला, डॉक्टर स्वतःच धावून घेत राहिल्या. शनिवारी दुपारी ताई माझ्या दारात उभ्या. "तुमच्या बाईकडं त्या पोरीचा नंबर आसंल. लावून द्या," त्या म्हणाल्या. इतक्या हळू, की बायकोने स्वयंपाकघरातून "कोण आहे?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, ताई, कशाला खपली काढता? त्या म्हणाल्या, "खपली तिची हाय, मी काडत नाय. मी फक्त सांगते का मला म्हाईत नवतं. नाय, तसं पन नको. म्हाईत नवतं म्हटलं का आपन सुटतो." मी फोन लावून दिला. त्यांनी तो डाव्या कानाला धरला.

"मी मंजुला बोलते. दवाखान्यातली," त्या म्हणाल्या. "पोरी, मी तुजं वाटोलं केलं. माफ कर." पलीकडचा आवाज मला येत होता, शब्द येत नव्हते. आधी तो बारीक होता, मग चढला, मग फाटला, मग परत चढला. किती साठलं होतं कुणास ठाऊक. मध्ये एकदा मीच खूण केली की द्या इकडे, बस झालं. ताईंनी मला हाताने थांबवलं. कान थोडासुद्धा बाजूला केला नाही. आयुष्यभर हजार माणसांना ऐकवलेली ती बाई माझ्या सोफ्याच्या कडेवर ताठ बसून ऐकून घेत होती. शेवटी पलीकडून फोन ठेवला गेला.

"काय म्हणाली?" माझ्या बायकोने विचारलं.

"माफ नाय केलं," ताई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले. "बरोबर हाय तिचं. मी पन नसतं केलं." मग बायकोने दिलेला चहा त्यांनी बशीत ओतून प्यायला आणि त्या गेल्या. सोमवारी ताई शटर उघडतील असं मला काही वाटलं नाही.

सोमवारी शटर त्यांनीच उघडलं होतं. फोनही त्याच घेत होत्या, प्रत्येक शब्द दोनदा वदवून: "चक्कर का साखर? परत सांगा. चक्करचा च ना?" पण पेशंटला टेबलाजवळ बोलावणं बंद झालं होतं. त्या स्वतःच उठायच्या, बाकापर्यंत यायच्या, ज्याची पाळी असेल त्याच्या शेजारी टेकायच्या आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारायच्या. मग पुढच्याकडे. ज्या खुर्चीपायी त्यांनी इतकी वर्षं जीव मुठीत धरला, तिच्यावर त्या दिवशी त्यांची पिशवी बसून होती. बाकावर शांतता होती आणि खरं सांगायचं तर थोडा कंटाळाही, कारण दुसऱ्याला काय झालंय हे कळायला आता मार्गच उरला नव्हता.

माझी पाळी आली. ताई शेजारी येऊन बसल्या आणि कानात काहीतरी म्हणाल्या. मला काही समजलं नाही. मी म्हटलं, "काय?"

त्यांनी आवाज चढवला नाही. आणखी जवळ सरकल्या आणि तेच पुन्हा विचारलं.